तुझे हात कुठे होते?

न्यू जर्सीत शरद ऋतूतल्या शुक्रवारी संध्याकाळी मी घरी नसतो. बायकोला सवय झाली आहे. पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांचा शर्ट, काळी पॅन्ट, शिट्टी, मनगटात अडकवायचा रबरी पट्टा आणि पिवळा रुमाल असलेली बॅग गाडीत टाकायची, आणि कुठल्यातरी हायस्कूलच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना सांभाळायला जायचं. दिवसभर मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. या कामाचे पैसे मिळतात, पण ते पेट्रोल, बूट आणि गुडघ्याच्या मलमात जातात.

मी पंच झालो तो मुलामुळे. तो नववीत असताना त्याच्या शाळेचे कनिष्ठ गटाचे सामने दोनदा पुढे ढकलावे लागले, कारण पंचच मिळत नव्हते. साथीच्या काळानंतर ही ओरड सगळ्या देशातच होती. हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनेच सांगितलं होतं की २०१८-१९ च्या तुलनेत सुमारे ५०,००० पंच कमी झाले. कारण विचारलं तर बहुतेक जण एकच सांगतात: शिव्या. पालकांच्या, प्रशिक्षकांच्या आणि कधीकधी खेळाडूंच्याही. मी म्हटलं, सांगलीजवळच्या आमच्या गावात कबड्डीच्या सामन्यांत ज्या शिव्या ऐकल्यात त्यापुढे या काय! कॅडेट, म्हणजे शिकाऊ पंच म्हणून नाव नोंदवलं, हिवाळाभर वर्गाला गेलो, पुढची तीन वर्षं नववीच्या आणि कनिष्ठ गटाच्या पोरांचे सामने केले आणि मग शुक्रवार रात्रीच्या मुख्य सामन्यांवर आलो.

कबड्डीचा उल्लेख उगाच केलेला नाही. मी उजव्या कोपऱ्यात खेळायचो. चढाईवाला पाठमोरा झाला की कमरेला विळखा घालायचा, हे माझ्या हातांना पंधराव्या वर्षापासून ठाऊक आहे. पुढे जे घडलं त्यात याचा हात आहे, असं मला वाटतं.

आधी जागा समजून घ्या. आमच्या क्रूमध्ये पाच पंच असतात. पांढऱ्या टोपीवाला रेफरी, तो म्होरक्या. बाकी चौघे काळ्या टोपीत. त्यातला एक अंपायर. मराठी माणसाला अंपायर म्हटलं की पांढरा कोट घालून स्टंपामागे शांत उभा असलेला गृहस्थ दिसतो. इथला अंपायर उभा असतो बचाव करणाऱ्या संघाच्या पहिल्या रांगेमागे, लाइनबॅकरांच्या, म्हणजे त्या रांगेमागे उभ्या बचावपटूंच्या, घोळक्यात. बॉल हलला की शंभर-सव्वाशे किलोची पोरं एकमेकांवर आदळत त्याच्याच दिशेने येतात. एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, अंपायरांना इतके मार बसायचे की २०१० साली त्यांना तिथून उचलून आक्रमण करणाऱ्या संघाच्या मागे नेऊन उभं केलं. हायस्कूलमध्ये आम्ही अजून जुन्याच जागी आहोत. मी अंपायर आहे.

म्हणजे खेळाडूचा धक्का लागणं ही माझ्यासाठी बातमी नाही. चालत्या खेळात कुणी येऊन आदळला तर त्याला काही शिक्षा नसते, मी गवतासारखाच मैदानाचा भाग. काही चतुर लाइनबॅकर तर मला मुद्दाम मध्ये घेऊन पळतात, म्हणजे मागून येणारा माझ्यावर अडकावा. नियमात शब्द आहे तो जाणूनबुजून केलेल्या स्पर्शाचा. खेळाडूने पंचाला जाणूनबुजून हात लावला तर संघाला पंधरा यार्डांचा दंड आणि तो सामन्यातून बाहेर. पंधरा यार्डांचं कुणाला काही वाटत नाही, बाहेर जाण्याचं वाटतं. आमच्याकडे बाहेर काढलेला मुलगा पुढचा सामनाही खेळू शकत नाही, आणि हायस्कूलच्या अख्ख्या मोसमात सामने असतात जेमतेम नऊ-दहा.

कॅडेटच्या वर्गात आम्हाला दोन चित्रफिती दाखवल्या होत्या. पहिली सप्टेंबर २०१५ ची, टेक्सासमधल्या मार्बल फॉल्सची. सॅन अँटोनिओच्या एका शाळेचे दोन खेळाडू बॉलकडे न जाता सरळ अंपायरवर धावून जातात. एक पाठीमागून त्याला आडवा करतो, दुसरा पडलेल्यावर हेल्मेटसकट झेपावतो. त्या पंचाला येणारे दिसलेच नव्हते. पुढे एका साहाय्यक प्रशिक्षकावर गुन्हा दाखल झाला, त्याने तो कबूल केला. वर्गात कुणी काही बोललं नाही. मी मात्र त्या पंचाची जागा बघत होतो. माझीच जागा.

दुसरी फीत उलटी होती आणि मला तीच जास्त आठवते. डिसेंबर १९९९, एनएफएलमधला क्लीव्हलँड आणि जॅक्सनव्हिलचा सामना. रेफरी जेफ ट्रिप्लेट फाउल दाखवायला पिवळा रुमाल फेकतो. तो नीट उडावा म्हणून त्यात छर्रे भरलेले असत. रुमाल जाऊन लागतो क्लीव्हलँडच्या ऑर्लँडो ब्राउनच्या उजव्या डोळ्यात, हेल्मेटच्या जाळीतून आत. ब्राउन कळवळत बाहेर जातो, मग परत येऊन ट्रिप्लेटला ढकलून पाडतो. त्याच्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेलेली होती. डोळ्याला काही झालं की त्या माणसाच्या मनात काय आलं असेल, याची कल्पना करा. त्याला आधी बेमुदत निलंबित केलं, नंतर निलंबन मागे घेतलं. पण डोळ्यामुळे तो तीन मोसम खेळूच शकला नाही. त्याने लीगवर दावा लावला आणि शेवटी तडजोड होऊन त्याला काही लाखांत नव्हे, कोटीच्या घरात डॉलर मिळाले, असं छापून आलं. आमचे शिकवणारे म्हातारबा एवढंच म्हणाले, "रुमाल वर फेकायचा, माणसाच्या दिशेने नाही." माझ्या रुमालात आता वाळूची मऊ पुरचुंडी असते.

आणि तिसरी गोष्ट ते दर वर्गात सांगायचे. खेळाडूला हात लावू नका. भांडण जुंपलं तर मध्ये पडू नका, मागे उभे राहा, नंबर लिहून घ्या. मागून तर कधीच धरू नका. ज्याच्या अंगात आग पेटली आहे त्याला मागून धरणारा हात पंचाचा आहे हे कळत नाही. मी हे वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून आहे.

आता तो शुक्रवार. ऑक्टोबरचा शेवट, थंडी पडायला लागलेली, दोन शेजारच्या गावांच्या शाळा. दोन्ही शाळांची नावं मी लिहिणार नाही. सामन्याआधी दोन्ही संघांचं साहित्य बघायची जबाबदारी माझी. पाहुण्या संघाचा एक लाइनबॅकर, नंबर ५४, डाव्या हाताला प्लास्टर घेऊन आला. प्लास्टर चालतं, पण त्यावर किमान अर्धा इंच जाडीचा मऊ फोम गुंडाळलेला हवा. मी त्याचा हात माझ्या हातात घेऊन सगळीकडून दाबून पाहिला. एका कडेला फोम सरकलेला होता. त्यांच्या ट्रेनर बाईंनी नवीन पट्टी गुंडाळली. मुलगा म्हणाला, "थँक यू, सर." अंगाने मोठा, आवाजाने अजून कोवळा.

पहिल्या दोन क्वार्टरांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. तिसऱ्या क्वार्टरला यजमानांचा धावणारा खेळाडू मधोमध घुसला आणि बॉल त्याच्या हातून निसटला.

बॉल निसटला की ढीग होतो. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगतो, हा ढीग म्हणजे दहीहंडी कोसळल्यावर जे दिसतं ते, फक्त इथे कुणी उठायला तयार नसतं. सात-आठ जण एकमेकांवर, सगळ्यात खाली कुणाच्यातरी पोटाशी बॉल. शिट्टी वाजल्यावरही खाली मारामारी चालूच. बोटं पिरगाळतात, जाळीत हात घालतात. ढीग उपसायचं काम अंपायरचं आणि बाजूच्या पंचाचं. वरचा उठवायचा, मग त्याच्या खालचा, आणि तळाला कुणाकडे बॉल आहे ते बघून हाताने दिशा दाखवायची. "हात लावू नका" हा नियम इथे जरा ढिला होतो, कारण नुसतं ओरडून ढीग हलत नाही.

ढिगाच्या कडेला ५४ होता. यजमानांच्या एका लाइनमनच्या, म्हणजे पहिल्या रांगेतल्या खेळाडूच्या, छातीवर बसलेला, आणि त्या लाइनमनने खालून त्याच्या हेल्मेटची जाळी पकडलेली. ५४ ने उजव्या हाताने त्याचा गळा दाबून धरला होता. मी दोनदा शिट्टी वाजवली. ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडलो की नाही ते आठवत नाही.

पुढची गोष्ट म्हणजे मी जमिनीवर होतो. डाव्या कानाखाली गरम झालं होतं, टोपी लांब पडलेली. वर पाहिलं तर ५४ माझ्याकडे बघत उभा, प्लास्टरचा हात अजून अर्धवट हवेत. त्याने माझा पट्ट्यांचा शर्ट पाहिला आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. "सर, सर, सॉरी सर." मला ते ऐकू आलं, पण पोचलं नाही. मी रुमाल फेकला. बाजूच्या पंचाने आधीच फेकलेला होता. स्टँडमध्ये अचानक शांतता झाली. इतक्या लोकांची शांतता कानाला लागते.

आमचा रेफरी निवृत्त गणिताचा मास्तर आहे. तो धावत येत नाही, चालत येतो. आधी मी उभा राहू शकतो का ते पाहिलं, मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "तो तू आहेस हे त्याला माहीत होतं?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक शब्द. मास्तरने मान हलवली, ५४ च्या प्रशिक्षकाकडे गेला आणि मुलाला सामन्यातून बाहेर काढल्याचं सांगितलं. बॉल पाहुण्यांनाच मिळाला होता, पण पंधरा यार्ड मागून. प्रशिक्षक रेषेवरून ओरडला, "तुमच्या माणसाने आधी धरलं त्याला!" मी ऐकून सोडून दिलं. प्रशिक्षक असंच ओरडतात.

हायस्कूलमध्ये बाहेर काढलेला मुलगा घरी जात नाही. अल्पवयीन आहे, एकटा कुठे पाठवणार? तो बाकावरच बसतो, संघाच्या जागेत. उरलेला दीड क्वार्टर ५४ हेल्मेट मांडीवर घेऊन तिथे बसून होता. बॉल त्या बाजूला गेला की मला तो दिसायचा. मी दिसत नसल्यासारखं करत होतो. सामना मी पूर्ण केला. लाइनजजने, म्हणजे आमच्यातल्या कडेच्या रेषेवरच्या पंचाने, दोनदा विचारलं, थांबतोस का. नाही म्हणालो. खरं कारण असं की मी थांबलो असतो तर त्या मुलाने मला मैदानाबाहेर घालवलं असा अर्थ झाला असता. हा अहंकारच, दुसरं काय.

घरी आल्यावर मुलगा जागा होता. त्याने मोबाइलवर कुणीतरी टाकलेली दहा सेकंदांची फीत आधीच पाहिली होती, स्टँडमधून काढलेली, त्यात फक्त फटका दिसतो. "बाबा, पोलिसांत जा," म्हणाला. वीसहून अधिक राज्यांत पंचांवरच्या हल्ल्यासाठी वेगळे कायदे आहेत, हे त्याला माझ्याकडूनच कळलेलं. मग त्याने मार्शॉन लिंचचं उदाहरण काढलं: २०१७ साली ओकलंडचा हा खेळाडू बाकावरून भांडणात धावत आला, पंचाला धरलं, बाहेर गेला आणि एका सामन्याला मुकला. "कोट्यवधी कमावणाऱ्यालाही सोडलं नाही." बायकोने बर्फाची पिशवी दिली आणि मुलाला झोपायला पाठवलं. ती मला एवढंच म्हणाली, "उद्या कर ना ते रिपोर्ट." मी ऐकलं नाही. चोवीस तासांत द्यायचा असतो, रात्रीच बसून दिला. खेळाडू क्रमांक ५४ याने अंपायरला जाणूनबुजून हाताने मारले. टाइप करताना बरं वाटत होतं, हेही लिहून टाकतो.

शाळा त्यांच्या सामन्यांचं चित्रण हडल नावाच्या वेबसाइटवर टाकतात आणि आमच्या क्रूला ते बघायला मिळतं. रविवारी संध्याकाळी आम्ही पाच जण झूमवर बसून सगळे रुमाल एकेक करून तपासतो. यजमान शाळेचा एक कॅमेरा गोलपोस्टच्या मागे उंच खांबावर असतो. त्याला सगळं पाठीमागून आणि वरून दिसतं.

त्या कॅमेऱ्यात असं दिसलं. ५४ लाइनमनच्या छातीवर. मी मागून येतो. एकदा वाकून काहीतरी ओरडतो. मग दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घालतो, बोटांत बोटं अडकवतो आणि त्याला मागे खेचतो. कोपऱ्यातल्या खेळाडूने पकड करावी तशी, पाय रोवून. इतकी चांगली पकड मी वयाच्या विसाव्या वर्षीसुद्धा केली नसेन. त्याच क्षणी त्याचा प्लास्टरचा हात मागे फिरतो. त्याचं डोकं फिरायच्या आधी हात फिरतो. त्याने मला पाहिलंच नव्हतं. पाहणार कसा? जाळी धरलेली, मान खाली, मागून कुणीतरी विळखा घातलेला.

झूमवर कुणीच बोलेना. मास्तरने फीत मागे नेली, परत लावली. मग विचारलं, "तुझे हात कुठे होते?"

दिसतच होतं कुठे होते. मी तरी उत्तर दिलं. "कमरेला. मागून."

"शुक्रवारी तू हो म्हणालास."

"हो म्हणालो."

तो पुढे काही बोलला नाही आणि त्याचं न बोलणं मला सहन झालं नाही. मी स्पष्टीकरण द्यायला लागलो: गळा दाबत होता, शिट्टी ऐकत नव्हता, लाइनमनला इजा झाली असती. सगळं खरं होतं. ५४ ला शिट्टीनंतरच्या मारामारीसाठी पंधरा यार्ड पडायलाच हवे होते, त्यात शंका नाही. लाइनमनच्या जाळी धरण्यावर तर आम्ही रुमालच फेकला नव्हता, तोही पडायला हवा होता. पण जाणूनबुजून हा शब्द माझा होता, आणि तो मी गरम कानाने उच्चारला होता. बाजूचा पंच, जो आमच्यात सगळ्यात तरुण आहे, त्याने २०२१ मधला शिकागोच्या कॅशियस मार्शचा प्रसंग काढला. त्या रात्री रेफरी टोनी कोरेंटे आणि मार्श यांच्या कमरा एकमेकांना घासल्या आणि मार्शचं म्हणणं होतं की रेफरीनेच मला धडक दिली. फाउल मात्र मार्शवर होता, प्रतिस्पर्ध्यांना डिवचल्याचा. देशभर लोक आठवडाभर तोच तुकडा मागेपुढे करून बघत होते. आमच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. दहा सेकंदांची जी फीत फिरत होती तिच्यात माझे हात दिसतच नाहीत, ढिगाच्या आड आहेत. मी गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. हे मला रविवारी रात्री तीन-चार तास चांगलंच माहीत होतं.

सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी दुसरा रिपोर्ट लिहिला. पहिल्यापेक्षा लांब झाला. मागून कमरेला धरल्याचं लिहिलं, त्याला मी दिसणं शक्य नव्हतं हे लिहिलं, चित्रणातली वेळ लिहिली. मग आमच्या नेमणुका करणाऱ्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, मैदानावरचा निर्णय मैदानावरच संपतो, मुलगा पुढचा सामना बसणारच. पण नोंदीतला जाणूनबुजून हा शब्द काढता येईल, त्यामुळे प्रकरण पुढे वाढणार नाही. मी विचारलं, मुलाला चार ओळी लिहू का? ते जवळजवळ ओरडलेच. पंचाने खेळाडूला पत्र लिहायचं नसतं, काहीही झालं तरी. दुसऱ्या रिपोर्टची प्रत शाळेला जाईल, तेवढं पुरे. आणि मग त्याच दमात, "येत्या शुक्रवारी पाऊस आहे, रेनकोट आण."

५४ चा संघ त्या शुक्रवारी हरला. मी निकाल शोधून पाहिला, पाहायला नको होता. एक लाइनबॅकर असल्या-नसल्याने सामना फिरतो असं म्हणता येत नाही, आणि फिरत नाही असंही म्हणता येत नाही.

त्याच रात्री मी दुसरीकडे होतो, पावसात. निसरडा बॉल, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच ढीग झाला. मी पोचलो, एक पाऊल मागे थांबलो, दोन्ही अंगठे पट्ट्यात खोचले आणि ओरडायला लागलो. "उठा! निळा, वरचा, उठ! पांढरा, सोड!" अंगठे पट्ट्यात असले की हात स्वतःहून कुठे जात नाहीत, हे मी आठवडाभर आरशासमोर करून पाहिलं होतं. दोघे उठले. खालचे उठेनात. मास्तर मागून आला आणि विचारलं, "बॉल कुणाचा?"

मला माहीत नव्हतं. इतक्या लांबून दिसतच नव्हतं.

मग ढिगाला वळसा घालून समोर गेलो. सगळ्यात वरच्या मुलाच्या डोळ्यांपुढे, त्याच्या जाळीसमोर वाकलो, माझा शर्ट त्याला दिसेल असा. अंगठे काढले आणि हात पुढे केला. त्याने पाहिलं, हात धरला नाही, आपणच उठला. त्याच्याखालच्या दोघांना तसंच केलं. तळाशी चिखलात एक पोरगा पाय पोटाशी घेऊन बॉलभोवती मुटकुळं करून पडला होता. निळ्यांचा होता.